ओट्यावरची जागा

"कुठल्या गलबतातून?"

म्वेन्ये शेकुवेंनी विचारलं आणि पानाची पिंक ओट्याखालच्या वाळूत अशी नेमकी टाकली की प्रश्नापेक्षा ती जास्त ठाम वाटली.

सोंगोरो मब्रुकी ओट्यासमोर उभा होता. ओट्यावर आणखी तीन माणसं बसतील एवढी जागा होती. पण म्वेन्येंच्या, म्हणजे खानदानी माणसाच्या, ओट्यावर जागा असणं आणि ती आपल्याला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मिकोकोनीत मूल चालायच्या आधी शिकतं.

"कसलं गलबत, म्वेन्ये?"

"अरे, शिराजहून सात भाऊ आले. सात गलबतं. आमचे पूर्वज तिसऱ्यातून उतरले, ते शिंग हातात घेऊनच. त्या गलबतांतून जे उतरले, त्यांच्या घरच्या लग्नात शिंग वाजतं. तुझे कुठल्यातून उतरले तेवढं सांग. तुझ्या पोरीच्या लग्नाला शिंग आत्ता देतो."

सोंगोरोने टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या गलबतांत भात कोण शिजवत होतं?"

"तेवढं कुणी सांगून ठेवलेलं नाही."

"मग त्याच्यातून असतील."

कॉफीची उंच किटली घेऊन शेजारी बसलेला कॉफीवाला कोम्बो हसला. म्वेन्येंनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने हसण्याचा खोकला केला आणि न मागता त्यांचा कप भरला.

आमच्या गावातली सगळी खानदानी घरं त्या सात गलबतांतून उतरलेली आहेत. एवढे राजपुत्र त्यांत मावले कसे, हा प्रश्न परक्याला पडतो. खलाशी, न्हावी, आचारी यांची जागा वाचली, हे त्याचं उत्तर. गलबतं वाऱ्याने आपोआप आली, दाढ्या वाढू दिल्या आणि वाटेत सगळ्यांनी उपास केले. बाकीचे आम्ही किनाऱ्यावर दोर झेलायला उभे होतो. आम्ही तिथे कधीपासून उभे होतो, हे मात्र कुणी विचारलेलं नाही.

म्हणजे एकदा विचारलं होतं. काही वर्षांपूर्वी विद्यापीठातली माणसं आली आणि जुन्या मशिदीशेजारी खणू लागली. दगडी मशिदीखाली लाकडी मशीद निघाली. तिच्याखाली कुडाच्या भिंती, गोल झोपड्यांचे खुंट आणि काळी पडलेली मडकी निघाली. गलबतं लागली तेव्हा इथे चूल पेटलेली होती, असं त्या मंडळींनी नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी जुनी हाडं तपासायला नेली आणि पुढच्या वर्षी येऊन निकाल दिला, की आया बहुतेक इथल्याच मातीतल्या आणि बाप बरेचसे समुद्रापलीकडचे.

म्वेन्येंना निकाल पसंत पडला. "बाप बरोबर सांगितला," ते म्हणाले. "आईचं काय, आई सगळ्यांनाच असते."

सोंगोरोची बायको तौसी तेव्हा खणणाऱ्यांसाठी स्वयंपाक करायची. ती नारळ खवता खवता म्हणाली, "बाप तर वारा फिरला की शीड उभारून निघायचा. पोराला बोलायला कुणी शिकवलं मग?" तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही, पण खरं होतं. आमच्या बोलीचा हाडांचा सांगाडा इथला आहे आणि अंगावरचे दागिने पलीकडचे. खानदानी माणूस परक्यासमोर फक्त दागिने मोजतो.

तर, शिंग. काळ्या लाकडाचं, पितळेच्या कड्यांचं, उभं केलं तर माणसाच्या छातीला लागेल एवढं. ते टोकातून नाही, कुशीतल्या भोकातून फुंकायचं. वरात मशिदीपासून नवरीच्या घरापर्यंत जाते, तिच्या सगळ्यांत पुढे शिंग. विहिरीपाशी थांबून एकदा, चिंचेखाली एकदा, जुन्या कबरीपाशी एकदा आणि शेवटी नवरीच्या ओट्यासमोर. त्या आवाजाने गलबतं परत वळतील असं म्हणतात. अजून वळलेली नाहीत.

शिंग सांभाळायचं म्वेन्येंच्या घराने, फुंकायचं सोंगोरोच्या घराने. तिसऱ्याने हात लावायचा नाही. खानदानी माणूस ते फुंकत नाही, कारण फुंकताना गाल फुगतात, डोळे बाहेर येतात आणि नंतर भोकाशी थुंकी राहते. खानदानी माणसाची थुंकी पानाचीच असावी लागते.

सोंगोरोचा बाप फुंकायचा, त्याचा बापही फुंकायचा. सोंगोरोने मिसरूड फुटल्यापासून फुंकलं. आज गावात जे आजोबा आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या वरातीपुढे तो चालला होता. एरवी तो चुना भाजायचा आणि भिंती लिंपायचा. म्वेन्येंच्या पूर्वजांची कबर दरवर्षी रमजानच्या आधी तोच पांढरी करायचा, त्यामुळे तिसऱ्या गलबताशी त्याचे संबंध तसे जवळचे होते.

त्याला एकच मुलगी, रिझिकी. पलीकडच्या बेटावर दवाखान्यात नर्स होती. आमच्याकडे घर मुलीला देतात, नवरा तिच्या घरी राहायला येतो. सोंगोरोच्या बापाला दगडी घर बांधायची मुभा नव्हती. तो कुडाच्या घरात जन्मला आणि तिथेच मेला. सोंगोरोने वर्षानुवर्षं लोकांच्या भिंती लिंपून उरलेल्या चुन्यात आणि स्वतः फोडलेल्या प्रवाळाच्या दगडांत रिझिकीसाठी घर उभं केलं. दाराच्या दोन्ही बाजूंना ओटा घातला, आरशासारखा घोटला. गावातल्या कुठल्याही खानदानी ओट्यापेक्षा तो गुळगुळीत होता. फक्त त्याच्यावर सोंगोरो कधी बसला नव्हता.

"नवा आहे, मळेल," असं तो सांगायचा.

तर गलबताचं उत्तर देता न आल्यामुळे शिंग मिळालं नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर सोंगोरो गाल धरून म्वेन्येंसमोर आला. मशिदीतून बाहेर पडणारे लोक चपला शोधत तिथेच रेंगाळले.

"काय झालं रे?"

"दाढ, म्वेन्ये. फार दुखते."

"काढून टाक मग."

"काढली तर वारा तिथूनच पळेल. शिंग वाजायचं नाही."

म्वेन्येंनी पान या गालातून त्या गालात सरकवलं. त्यांच्या नातवाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. आमंत्रणं मोंबासापासून मस्कतपर्यंत गेली होती आणि मस्कतच्या पाहुण्यांना शिंगाचीच उत्सुकता होती.

"किती दिवस दुखेल असं वाटतं?"

"रिझिकीच्या लग्नापर्यंत तर दुखेलच. पुढचं त्या दिवशी कळेल."

"दाढेचं औषध तुमच्याच घरात आहे, म्वेन्ये," कोम्बो मागून म्हणाला. "छातीएवढं उंच आहे, पितळेची कडी आहेत."

लोक हसले. म्वेन्येंनाही हसावं लागलं. "बरं. शिंग दिलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दिलं म्हणजे दिलं. पण रीत पाळायची. शिंगाला माझा हात लागेल नाहीतर तुझा. तिसरा चालणार नाही."

सोंगोरो जवळजवळ पळत घरी आला. तौसी तांदूळ निवडत होती.

"मिळालं! शिंग मिळालं!"

"बरं झालं. वाजवणार कोण?"

"म्हणजे काय? मीच!"

"आणि ओट्यावर कोण बसणार?"

सोंगोरो उभा होता तिथेच राहिला.

नवरीच्या बापाने पांढरा स्वच्छ झगा घालून ओट्यावर बसायचं असतं. वरात येते. बाप बसल्या जागेवरून "ये, बस" म्हणतो, तेव्हा नवरदेव पायरी चढतो. बाप नसेल तर काका. सोंगोरोचा भाऊ लहानपणीच मासेमारीला गेला, तो परत आला नव्हता. आता बापच वरातीपुढे शिंग फुंकत आला तर रिकाम्या ओट्यावरून नवरदेवाला बोलावणार कोण? आमचं गाव अशा प्रसंगी फार बोलतं. एका माणसाने मुलीच्या लग्नात उठून पाहुण्यांचे जोडे सरळ केले होते. त्याचं घराणं अजून 'जोडेवाले' म्हणून ओळखलं जातं.

म्वेन्येंना हे शिंग देतानाच ठाऊक होतं का, याबद्दल गावात दोन मतं आहेत. ठाऊक होतं, हे एक. चांगलंच ठाऊक होतं, हे दुसरं.

त्या दिवसापासून सोंगोरोला एका जागी कुणी पाहिलं नाही. सकाळी तो चुन्याच्या भट्टीवर असायचा, थोड्या वेळाने धक्क्यावर, मग विनाकारण कबरस्तानात. जेवताना उठायचा. नमाजात रांगेच्या टोकाला उभा राहायचा, म्हणजे आधी निघता येईल.

"कोम्बो, काय करू?"

"अर्धं वाजव, अर्धा बस," कोम्बो म्हणाला. "विहीर झाली, चिंच झाली, कबर झाली. तिथून वरात मोठ्या रस्त्याने वळसा घेते. तू गाढवांच्या बोळातून पळ आणि ओट्यावर जाऊन बस."

"आणि शिंग?"

"कबरीला टेकवून ठेव. म्वेन्येंचे आजोबा धरतील."

सोंगोरोला यातला विनोद दिसला नाही. त्याने टळटळीत दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, झगा कमरेला खोचून ते अंतर पळून पाहिलं. बोळ इतका अरुंद की समोरून पेंड लादलेलं गाढव आलं तेव्हा दोघांपैकी एकाला मागे जावं लागलं. गाढव गेलं नाही. शेवटी तो ओट्यापाशी पोचला तेव्हा त्याला इतकी धाप लागली होती की "ये, बस" सोडाच, "या अल्ला" म्हणायलाही जमेना. तो ओट्याला धरून उभा राहिला. तेव्हाही बसला नाही.

खिडकीच्या लाकडी जाळीतून रिझिकी पाहत होती. हातापायांना मेंदी लावलेली, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं.

"बाबा, काय चाललंय?"

"काही नाही. गाढव होतं."

"आत या जरा."

तो आत आला आणि दाराशी उभा राहिला.

"मला शिंग नको," ती म्हणाली.

"तुला नको असेल. मला पाहिजे. आख्ख्या गावाच्या पोरींच्या दारात वाजवलं मी. माझ्याच पोरीच्या दारात नाही?"

"समजा, वाजवलंत. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सोंगोरोच्या पोरीच्या लग्नात शिंग वाजलं."

"नाही म्हणणार. म्हणतील, सोंगोरोने शिंग वाजवलं. त्यात नवीन काय आहे? तो वाजवतोच."

सोंगोरोने उंबऱ्याचा चुना नखाने खरवडला. स्वतःच लावलेला चुना तो सहसा खरवडत नसे.

"लहानपणी मी आईला विचारायचे," ती म्हणाली, "सगळ्यांचे बाबा लग्नात बसतात, माझेच का उभे असतात? आई म्हणायची, त्यांना बसायला वेळ नाही. आता बसा ना. तुमच्या दाराशी कुणीतरी चालत येऊ दे."

"आणि शिंग?"

"तुम्ही बसलात की त्याचं तेच बघेल."

सोंगोरो टोपी घालून पुन्हा बाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत गावाला फेऱ्या मारत राहिला.

लग्नाच्या दिवशी तिसऱ्या प्रहराचा नमाज झाला. तौसीने त्याला खळीचा झगा घातला, उदाची धुरी दिली आणि खांद्याला धरून ओट्यावर बसवलं. तो असा बसला, जसा माणूस दुसऱ्याच्या होडीत बसतो. दोन्ही हात कडेला घट्ट. आतून बायकांची गाणी येत होती. पाहुणे समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी वधूघराकडे पाहत नव्हतं. सगळे सोंगोरोच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

इतक्यात कोम्बो मशिदीकडून किटली खडखडवत आला.

"म्वेन्ये शिंग घेऊन आलेत. नवरदेव तयार आहे. तुझी वाट बघतायत."

सोंगोरो उठला. अर्धाच. झग्याची घडी मोडली.

"उठलास?"

"पायाला मुंग्या आल्या."

"मग? येतोस?"

सोंगोरोने जाळीकडे पाहिलं. जाळीमागे कोण होतं ते दिसत नव्हतं. जाळी त्यासाठीच असते. तो पुन्हा खाली बसला.

"म्वेन्येंना सांग, मी ओट्यावर आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि दाढ बरी आहे म्हणून सांग."

मशिदीपाशी काय झालं ते आम्ही स्वतः पाहिलं. कोम्बोचा निरोप ऐकून म्वेन्येंनी शिंगाकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. शिंग घरी न्यावं, तर शुक्रवारच्या जमावासमोर शब्द दिलेला. दुसऱ्याच्या हातात द्यावं, तर तिसरा हात लागायचा नाही ही रीत, आणि ती मोडली असती तर नातवाच्या लग्नात कुणीही हात लावला असता. नवरदेव त्वालिबू, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा साधा मुलगा, पुढे झाला आणि म्हणाला, "काका, मी उचलू का?"

"हात लावू नकोस!" म्वेन्ये ओरडले.

आपलीच रीत आपल्याला कोपऱ्यात गाठते, तेव्हा माणसाला फार एकटं वाटत असावं. म्वेन्येंनी तोंडातलं पान काढून टाकलं, शिंग दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि वरातीच्या पुढे जाऊन उभे राहिले. शिंगवाल्याच्या जागी. तिसऱ्या गलबतातून उतरल्यापासून त्यांच्या घरातलं कुणी त्या जागी उभं राहिलं नव्हतं.

वरात निघाली.

सोंगोरो ओट्यावर बसून ऐकत होता. ढोल येत होते, टाळ्या येत होत्या. मग एकदम सगळं थांबलं. विहीर. शिंगाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ म्वेन्ये तिथे नुसते उभे राहिले आणि त्यांच्यामागे सगळं गाव उभं राहिलं. कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. पायांनाच सवय होती. सोंगोरोची छाती भरून आली, म्हणजे खरोखरच वाऱ्याने भरली. ढोल पुन्हा सुरू झाले तसा तो वारा त्याने सोडला.

मग चिंच. पुन्हा तसंच. आतल्या बायकाही गाणं मध्येच थांबवून ऐकू लागल्या. कशाला ऐकत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कबरीपाशी वरात जास्त वेळ थांबली. तिथे चढ आहे आणि शिंग जड आहे.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी म्वेन्ये दिसले. झोपलेलं नातवंड उचलून आणावं तसं त्यांनी शिंग आणलं होतं. टोपी घामाने ओली झाली होती. ओट्यासमोर येऊन ते थांबले. शेवटचा आवाज इथे असतो, सगळ्यांत लांब. गल्लीत एवढी माणसं होती आणि कुणाच्या चपलेचाही आवाज नव्हता.

सोंगोरोचे गाल फुगले. डोळे बाहेर आले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. हात कडेवरून सुटले नाहीत. बराच वेळ तो तसाच होता. वाजलं असतं तर गलबतं नक्की वळली असती. मग हळूहळू, कुणाला ऐकू जाणार नाही असा, त्याने तो श्वास सोडून दिला.

"ये," तो त्वालिबूला म्हणाला. "बस."

नवरदेव पायरी चढला. बायकांची आरोळी घरातून गल्लीत आली आणि पाहुणे हलले. म्वेन्ये मात्र शिंग घेऊन खालीच उभे होते. यजमानाने म्हटल्याशिवाय वर यायचं नाही, हीही रीतच आहे, आणि ती त्यांच्याएवढी कुणी पाळलेली नाही. ओट्यावर आणखी तीन माणसं बसतील एवढी जागा होती.

सोंगोरो जरा सरकला. "म्वेन्ये, तुम्हीही बसा. जड असतं ते."

म्वेन्ये बसले. शिंग त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवलं. टोपी काढून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"जड आहे रे," ते शेवटी म्हणाले. "कधी बोलला नाहीस."

"तुम्ही गलबताचंच विचारत होतात."

कोम्बोने दोघांच्या हातांत कॉफीचे कप दिले. दोघांनी ते एकाच वेळी तोंडाला लावले, आणि कॉफी कडू असल्यामुळे चेहऱ्यांवरून काही कळलं नाही.

"नातवाच्या लग्नाला येशील ना?" म्वेन्येंनी कपाकडे पाहत विचारलं.

"येईन की. बसायला जागा असेल तर."

म्वेन्येंनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते नीट दिसलं नाही.

मग आतून जेवणाला हाका आल्या. मटणाचा भात वाढला होता, परातीभोवती चार चार जण बसत होते. म्वेन्येंना नवरदेवाशेजारी नेलं. गल्ली रिकामी झाली. ओट्यावर सोंगोरो राहिला आणि शिंग राहिलं.

"बाबा, या ना आत!" जाळीतून रिझिकीचा आवाज आला.

"आलोच."

शिंग परत करायच्या आधी नेहमी करायचा तसं त्याने ते मांडीवर घेतलं आणि झग्याच्या टोकाने कुशीतलं भोक पुसलं. भोक कोरडंच होतं. त्याने पुन्हा एकदा पुसलं आणि शिंग भिंतीकडेच्या, जास्त गुळगुळीत जागेवर ठेवलं.